बंदूक ठेवायला चांगलं दुकान, काडतुसं मात्र महाग (४ स्टार)
आमची बारा बोअरची बंदूक वडिलांच्या वेळेपासूनची, पिकाच्या राखणीला, निवडणूक लागली की जमा करायची आणि पोलीस ठाण्यातून परत आणली की नळीला गंज, म्हणून यावेळी साताऱ्यातल्या या दुकानात ठेवली. शस्त्र कायद्यानं लायसन असलेल्या डीलरकडंही ठेवता येते, बऱ्याच जणांना माहीतच नसतं. पावती लगेच मिळाली, परत देताना नळी साफ करून तेल लावून दिली, एक नंबर काम.

मालक काका बोलायला लागले की थांबत नाहीत पण माहिती पक्की. आमच्या गावात बंदूकबंदीचा ठराव करायचं चाललंय म्हटलं तर हसले, म्हणे लायसन देणं नि रद्द करणं ग्रामपंचायतीचं कामच नाही, ते कलेक्टरकडं. आणि निवडणुकीत कलेक्टरलासुद्धा सरसकट सगळ्यांच्या जमा करून घेता येत नाहीत, २००९ लाच मुंबई हायकोर्टानं सांगितलंय, स्क्रीनिंग कमिटीनं एकेकाचं बघून ठरवायचं. अर्थात अमेरिकेसारखा हक्क वगैरे नाही आपल्याकडं, शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीनाऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, मला तरी ते बरोबर वाटतं.

काडतुसं महाग आणि गाडी लावायला जागा नाही, एक स्टार त्याचाच कापला.