फायव्हर: वसुलीची हमी चोख, दराची जबाबदारी मात्र आपलीच

फायव्हर ही स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांना आणि ग्राहकांना इंटरनेटवर जोडून देणारी इस्रायली सेवा २०१० मध्ये सुरू झाली तेव्हा तिथले प्रत्येक काम पाच डॉलरला मिळत असे, आणि तिचे नावही त्यावरूनच पडले. आज तिथे शेकडो डॉलरची कामे होतात. तरीही नव्याने आलेला चित्रकार सुरुवातीचे चार-दोन चांगले अभिप्राय पदरात पडावेत म्हणून तळाच्या दराकडेच ओढला जातो. मी पुस्तकांची मुखपृष्ठे आणि बोधचिन्हे करते. आपल्या कामाचा रास्त दर ठरवायला या सेवेची कितपत मदत होते, एवढ्याच दृष्टीने हे परीक्षण आहे.

वसुलीची काळजी इथे खरोखरच मिटते. ग्राहक काम सोपवतानाच पूर्ण रक्कम भरतो. काम पाठवल्यावर तो तीन दिवस काहीच बोलला नाही, तर ते आपोआप पूर्ण झाल्याची नोंद होते आणि त्यानंतर सर्वसाधारणपणे १४ दिवसांनी पैसे काढता येतात. अंक छापून, विकून झाला तरी ज्यांचे बिल ‘पुढच्या महिन्यात बघू’ या उत्तरावर अडकून राहिले आहे, त्यांना या शिस्तीचे मोल सांगायला नको.

या सोयीसाठी कंपनी कलाकाराच्या रकमेतून २० टक्के कापून घेते. ग्राहकाने खूश होऊन दिलेल्या बक्षिसीतूनही तेवढाच वाटा जातो, आणि डॉलरचे रुपये करून बँकेत आणण्याचा खर्च वेगळा. हातात १०० डॉलर पडायला हवे असतील तर दर १२५ लावावा लागतो. कापले जाणारे २० टक्के वर चढवून १२० लावले, तर ९६च उरतात. दर ठरवताना हा हिशेब आधी कागदावर मांडावा.

एकाच कामाचे दर साधा, मधला आणि वरचा अशा तीन टप्प्यांत मांडण्याची तिथली पद्धत मला आवडते. प्रत्येक टप्प्यात किती पर्याय दाखवणार, किती दुरुस्त्या करून देणार आणि मूळ फाइल देणार की नाही, हे आधीच लिहावे लागते, त्यामुळे ‘जरा रंग बदलून बघा ना’ या विनंतीलाही किंमत आहे हे ग्राहकाला कळते. दुरुस्त्या अमर्याद ठेवण्याचा पर्यायही तिथे मिळतो. तो कोणीही निवडू नये, कारण मग दिवसाला काय पडले याचा हिशेबच लागत नाही.

माझा खरा आक्षेप हक्कांबाबतचा आहे. कलाकाराने तिथे टाकलेल्या आपल्या कामाच्या जाहिरातीत स्पष्टपणे वेगळे लिहिले नसेल, तर पैसे चुकते होताच कामाचे सर्व हक्क ग्राहकाकडे जातात, असे फायव्हरच्या अटी सांगतात. आपला १९५७चा कॉपीराइट कायदा याच्या उलट बाजूने झुकतो: हक्क लेखी कराराने हस्तांतरित करताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. चित्राचा दर याच गोष्टींवर उभा असतो. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर एकदाच छापले जाणारे चित्र आणि तेच चित्र एखाद्या मिठाईवाल्याच्या खोक्यावर वर्षानुवर्षे, गावोगावच्या दुकानांत छापले जाणे, या दोहोंना लागलेले श्रम सारखे असले तरी त्यांची किंमत सारखी असूच शकत नाही. ग्राहक मात्र इथे आकार, रंग आणि किती दिवसांत मिळेल एवढेच पाहून दोन चित्रकारांची तुलना करतो. वापर कुठे, किती काळ आणि किती प्रतींसाठी, हा प्रश्न काम सोपवण्यापूर्वी ग्राहकाला विचारण्याची सोय कंपनीने ठळकपणे पुढे आणायला हवी.

लोगोसाठी, जिथे सर्व हक्क ग्राहकालाच द्यायचे असतात, ही सेवा मी निःशंकपणे सुचवेन. त्या दरात संपूर्ण हक्कांची किंमत मात्र धरलेली असावी. पुस्तकाचे मुखपृष्ठ, आतली चित्रे किंवा पुनर्मुद्रण होऊ शकेल असे कोणतेही काम घेण्यापूर्वी ‘फक्त या आवृत्तीपुरता वापर, पुढील आवृत्तीसाठी वेगळा मोबदला’ हे वाक्य आपल्या जाहिरातीत ठळकपणे लिहावे. ते मान्य नसलेल्या ग्राहकाचे काम घेऊ नये, किंवा त्याला संपूर्ण हक्कांचा दर सांगावा.