एमजी रोडच्या गल्लीतलं पार्ट्सचं दुकान, अकरावी-बारावी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी (५ पैकी साडेतीन स्टार)

दुकानाचं नाव टाकत नाहीये कारण पुढे थोडी कुरकुर पण करणारे. नाशिकला मेहेर सिग्नलकडून एमजी रोडला आत शिरलात की बाजूच्या गल्ल्यांमध्ये अशी दुकानं आहेत, त्यातलंच एक.

आधी जरा पार्श्वभूमी. लेकीने बायो सोडून बायफोकल इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तेव्हा मला वाटलं हे काय चष्म्याचं प्रकरण आहे. मग कळलं की दुसरी भाषा आणि एक विषय सोडून त्याजागी हा एकच २०० मार्कांचा विषय असतो, आणि त्यातले १०० प्रॅक्टिकलचे. म्हणजे निम्मे मार्क हाताचे! आणि लॅबमध्ये एका ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता पार्ट खोचून सर्किट जोडायचा भोकांचा बोर्ड) चार जणी, एक जोडणार बाकीच्या वहीत उतरवणार, आमची लेक उतरवणाऱ्यांत. सीईटीला हा विषय नाही म्हणून क्लासवाले विचारत पण नाहीत, फिजिक्सच्या शेवटच्या धड्यात डायोड, ट्रान्झिस्टर, लॉजिक गेट येतं तेवढंच काय ते जुळतं. म्हणून म्हटलं घरीच सामान आणू.

पहिली चूक, ऑनलाइन किट मागवलं. ११०० रुपये. डबा सुंदर, आत सगळं फोममध्ये बसवलेलं, दिवाळी गिफ्टच जणू. पण रेझिस्टर (करंट अडवणारे बारके पार्ट, किती ओहमचा ते रंगीत पट्ट्यांवरून वाचायचं) सगळे निळ्या अंगाचे पाच पट्ट्यांचे आणि हिच्या वहीत शिकवलेले चार पट्ट्यांचे, त्यात कुठून वाचायला सुरुवात करायची हेच कळेना. लांबलचक ब्रेडबोर्ड होता, त्याची वरची लाल लाइन मधोमध तुटलेली असते (काही बोर्डांना असतेच तशी, मधे एक वायर टाकून जोडायची) हे त्या पुस्तिकेत कुठेच लिहिलेलं नव्हतं. पोरगी दोन संध्याकाळी बोर्डाच्या डाव्या भागात बॅटरी लावून उजव्या भागात एलईडी पेटायची वाट बघत बसली.

मग एका शनिवारी सिडकोतून सिटीलिंक बसने सीबीएसला उतरलो आणि चालत दुकानात गेलो. आत गेल्यावर मला तर एकदम मॅचिंग सेंटरमध्ये आल्यासारखं वाटलं, भिंतभर छोटे छोटे ड्रॉवर, काउंटरवर गर्दी, आणि काका न बघता बरोबर ड्रॉवर ओढतात. मी ब्लाऊज शिवते, त्यामुळे अशा दुकानात मला घरच्यासारखं वाटतं. काकांचा पहिला प्रश्न, "काय बनवायचंय?" लेक यादी वाचायला लागली तर यादी बाजूला ठेवायला लावली, आधी सर्किट काढ म्हणाले. तिने ५५५ नावाच्या टायमर आयसीचा (म्हणजे चिपचा) लुकलुकणारा दिवा काढला. काकांनी त्याच कागदावर आकडे टाकले, १ के, ६८ के (के म्हणजे हजार ओहम) आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि तिच्याकडूनच लुकलुकण्याचा वेग काढायचा १.४४ चा फॉर्म्युला करून घेतला, उत्तर आलं साधारण सेकंदाला एक लुकलुक. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती ती पण गप बघत होती. ट्रान्झिस्टर देताना बीसी ५४७ ची सपाट बाजू तिच्याकडे करून डावीकडून त्याचे तीन पाय कलेक्टर, बेस, एमिटर असं तीनदा म्हणवून घेतलं, कारण २२२२ नावाचा जो येतो त्यात बऱ्याचदा हे बरोबर उलटं असतं आणि पोरं एकाच्या जागी दुसरा तसाच खोचतात म्हणे.

रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी करायच्या) प्रॅक्टिकलसाठी १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर मागितला तर सरळ नाही म्हणाले. "ते लॅबमध्येच सरांसमोर. घरी २३० व्होल्टला हात लावायचा नाही, ताई." विकला असता तर दोनेकशे रुपये मिळाले असते, तरी नाही दिला. एक स्टार फक्त त्याचा.

बिल झालं ४६५ रुपये, त्यात छोटा ब्रेडबोर्ड, पिवळं साधं मल्टिमीटर, आयसी, एलईडी, वायरी, ९ व्होल्टची बॅटरी सगळं आलं. बिल म्हणजे काय तर वहीच्या तुकड्यावर बेरीज.

आता कुरकुर.

घरी येऊन आधी साधं काहीतरी करू म्हणून बॅटरी, ४७० ओहम आणि एलईडी लावला. पेटेना. हिने एलईडी उलटा केला, सुलटा केला, दुसरा लावला, बॅटरी जिभेला लावून बघितली (ओरडले मी), काही नाही. रात्री लाइट गेली, आमच्याकडे पावसात जातेच, आणि अंधारात बघते तर एलईडी अगदी मरतुकडा, उदबत्तीच्या टोकाएवढा लाल. म्हणजे पेटत होता! लाइट आल्यावर मी तो रेझिस्टर खिडकीजवळच्या मशीनच्या दिव्याखाली धरला. पिवळा, जांभळा, आणि तिसरा ती चॉकलेटी म्हणत होती. म्हटलं अगं हा चॉकलेटी नाही, केशरी आहे. तीस वर्षं दोऱ्याचे शेड लावतेय मी. तिने मल्टिमीटर लावला, २० के वर नुसता १ दिसला म्हणजे रेंजच्या बाहेर, २०० के वर फिरवलं तर ४६.८. म्हणजे ४७० ओहमच्या जागी ४७ हजार ओहमचे दहा रेझिस्टर दिलेले. एका पट्टीचा फरक आणि शंभर पट माल.

तर काका कितीही प्रेमाने देवोत, काउंटरवरच मीटर लावून मोजून घ्या. तिथे उजेड कमी आहे, एक जुनी ट्यूब आहे ती पण फडफडते. परत गेलो तेव्हा बदलून दिले, सॉरी नाही म्हणाले पण दोन एलईडी वरून टाकले.

आयसी मात्र परत घेत नाहीत, काहीही झालं तरी. आधी राग आला होता, पण नंतर हिनेच ७४०० ला (लॉजिक गेटचा आयसी) थेट ९ व्होल्ट दिले, त्याला ५ लागतात. चटका बसेल इतका गरम झाला आणि संपला. असला आयसी परत घ्या म्हणायला कुठल्या तोंडाने जाणार. नवीन घेतला आणि सोबत ७८०५, तो ९ चे ५ करून देतो, आता बोर्डाच्या कोपऱ्यात तो कायमचा बसलाय.

आता रेझिस्टर माझ्या हुक-बटणांच्या डब्यात कप्प्याकप्प्याने आहेत आणि कुठलाही उचलला की लेक आधी मला विचारते, "आई हा लाल की केशरी?" फॉर्म्युले तिचे, रंग माझे.

ऑनलाइन किटमधलं सोल्डरिंग आयर्न (सोल्डर वितळवून जोड द्यायचं) पण नीट चालतच नव्हतं. काकांच्या सांगण्यावरून २५ वॅटचं सोल्ड्रॉन घेतलं, ते चांगलं चाललंय, फक्त टोक ओल्या स्पंजवर पुसत राहावं लागतं.

दीड स्टार कापला तो रेझिस्टरचा, बिलाचा आणि फोन न उचलण्याचा. गाडी नेऊ नका, लावायला जागा मिळत नाही. संध्याकाळी पाचनंतर रिपेअरिंगवाल्यांची गर्दी होते तेव्हा काका सर्किट वगैरे काढत बसत नाहीत, दुपारी जा. आणि सोमवारी बंद असतं, हे आम्ही भर पावसात दोन तिकिटं काढून शटर बघून आल्यावर कळलं.