ब्रेमाँट सुपरमरीन एस५०० : आठ महिने वापरल्यानंतर

या डायव्हिंगच्या मनगटी घड्याळाच्या आतलं यंत्र मूळचं स्विस आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. ईटीए या स्विस कंपनीचं २८३६-२ हे यंत्र घेऊन इंग्लंडमधल्या हेन्ली-ऑन-थेम्सच्या ब्रेमाँट कंपनीने त्यात सुधारणा केल्या आणि त्याला बीई-३६एई हे नाव दिलं. 'ब्रिटिश घड्याळ' म्हणून मोठी रक्कम मोजायची, तर केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, नीट निरखावी. वर पट्टा अडकवायच्या टांगांसकट पोलादी चौकट, मध्ये काळ्या लेपाचा वेगळा गोल, खाली झाकण अशी तीन भागांची बांधणी आहे. पोलादाचा पृष्ठभाग २००० विकर्सपर्यंत (हे कठीणपणाचं माप) कठीण केलेला. घड्याळांच्या साध्या पोलादात हा आकडा २०० च्या आसपास असतो. आठ महिने रोज वापरूनही केसवर ओरखडा नाही. व्यास ४३ मिमी, जाडी १६ मिमी. फुलशर्टच्या बाहीखाली हे जात नाही आणि बारीक मनगटावर डोलतं.

क्रोनोमीटरची, म्हणजे अचूकतेची चाचणी पार केलेल्या घड्याळाची, मर्यादा दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे. हे साधारण ३ सेकंद पुढे जातं. रात्री तबकडी वर करून ठेवलं की एक चाल, कडेवर उभं ठेवलं की दुसरी. आठवडाभर दोन्ही मांडून पाहिल्या की कसं ठेवल्यावर चूक भरून निघते ते कळतं.

ही अचूकता ज्या लिव्हर एस्केपमेंटवर (स्प्रिंगची ताकद ठोक्याठोक्याने सोडणाऱ्या रचनेवर) उभी आहे, तो थॉमस मजने १७५५ च्या सुमारास लंडनमध्ये काढला. त्याच काळातलं जॉन हॅरिसनचं एच४ हे समुद्री घड्याळ १७६१ मध्ये चाचणीसाठी जहाजाने जमैकाला निघालं. रोजचा ठरलेला फरक वजा करता ८१ दिवसांत चूक ५ सेकंदांच्या आसपास. पुढे इंग्रज कारागीर हातकामावरच राहिले, स्वित्झर्लंड आणि अमेरिकेने यंत्रावर सुटे भाग काढले, आणि धंदा गेला. पण मजचा लिव्हर स्विस यंत्रांत आजही चालतो, म्हणून मला हे यंत्र परकं वाटत नाही.

चावी भरून ३८ तास चालतं. शुक्रवारी रात्री ८ ला काढलं तर रविवारी सकाळी १० पर्यंत. बंद पडलं की चावीचे आटे सोडून ३०-४० फेरे द्यावेत. चावी दोनच्या आकड्याशी असल्याने तळहाताच्या मागच्या बाजूला रुतत नाही. चावी परत बसवताना आत दाबून आधी उलटी फिरवावी, आटे 'टक' करून बसले की मगच सुलटी. तिरके आटे चढले तर चावी जिच्यावर बसते ती नळीच बदलावी लागते. रात्री ९ ते पहाटे ३ तारीख बदलू नये. तेव्हा तारीख बदलणारे दाते गुंतलेले असतात आणि तुटतात.

५०० मीटरची क्षमता आणि हेलियमची झडप (खूप खोल कामात आत शिरलेला हेलियम वायू बाहेर सोडणारी) हौशी डायव्हिंगला लागतच नाही. ते ४० मीटरवर थांबतं. बेझल, म्हणजे तबकडीभोवतीचं वेळ मोजायचं कडं, एकाच दिशेने फिरतं, म्हणजे धक्का लागला तरी पाण्याखालची शिल्लक वेळ कमीच दिसेल, जास्त नाही. तारकर्लीच्या खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्यात धुऊन बेझल दोन-तीन वेळा पूर्ण फिरवावं, नाहीतर खाली मीठ साचून ते जड होतं.

पट्टा २२ मिमीचा. ब्रिटिश संरक्षण खात्याने १९७३ मध्ये प्रमाणित केलेल्या नायलॉन पट्ट्याच्या धर्तीचा पट्टा याला शोभतो. तो टांगांमधल्या, पट्टा धरणाऱ्या दोन्ही दांड्यांखालून जातो, त्यामुळे एक निसटली तरी घड्याळ हातातच राहतं.

झाकण उघडलं की रबरी कड्या बदलून दाबचाचणी करून घ्यावी. घरी शंका आली तर घड्याळ कोमट करून काचेवर थंड पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवावा, मग पुसावा. आतून धुकं दिसलं तर लगेच घड्याळजी गाठावा.