रीपर: कुलूप न लावता विकलं जाणारं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर

पॉडकास्ट, अभिवाचन किंवा गाणं रेकॉर्ड करायला क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर शोधत असाल, तर थांबा आणि आधी रीपर उतरवून घ्या. विनॅम्प हा गाणी वाजवायचा प्लेअर बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेल यांच्या कोकोस कंपनीचं हे सॉफ्टवेअर. चाचणीचे ६० दिवस मिळतात आणि त्यात काहीच अडवलेलं नाही. ट्रॅक हवे तितके, सेव्ह आणि एक्स्पोर्ट दोन्ही चालू. ६१ व्या दिवशीसुद्धा ते बंद पडत नाही. उघडताना एक खिडकी येते, हे फुकट नाही असं सांगते, काही सेकंद थांबायला लावते आणि आत सोडते.

म्हणून ते मोफत आहे असं समजू नका. परवान्याप्रमाणे ६० दिवसांनंतर पैसे भरायलाच हवेत, फक्त वसुलीला दारात कोणी बसवलेलं नाही. हेच आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं. क्यूबेस या दुसऱ्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला २०२२ पर्यंत यूएसबी डोंगल, म्हणजे परवाना असलेला पेनड्राइव्हसारखा तुकडा, लागायचा. तो हरवला किंवा मोडला की काम अडायचं ते पैसे मोजलेल्याचं. क्रॅकवाल्याला त्याची झळच नव्हती. रीपरला डोंगल नाही, ऑनलाइन अ‍ॅक्टिव्हेशन नाही. परवाना कितीही कॉम्प्युटरवर टाका, एका वेळी एकावर वापरा.

किंमत ६० डॉलर, म्हणजे पाच हजार रुपयांच्या आसपास. वैयक्तिक वापराला आणि वर्षाला २०,००० डॉलरपर्यंत उलाढाल असलेल्या व्यवसायाला हा दर. त्याच्या वर २२५ डॉलर. सॉफ्टवेअर दोन्हीकडे तेच. आवृत्ती ७ साठी घेतलेला परवाना ८.९९ पर्यंत चालतो.

उणीव एक मोठी आहे: सोबत वाद्यांचे आवाज जवळपास नाहीतच. तबला-पेटी हवी असेल तर ती वेगळी मिळवावी लागते. पण आवाज साफ करायची हत्यारं मात्र उत्तम. पंख्याची घरघर काढायची असेल तर बोलण्याआधी दोन-तीन सेकंद नुसता पंखा रेकॉर्ड होऊ द्या. मग ट्रॅकच्या एफएक्समध्ये, म्हणजे इफेक्टच्या यादीत, रीपरचाच रीआफिर (ReaFIR) हा इफेक्ट लावा, मोड ‘सबट्रॅक्ट’ करा, ‘ऑटोमॅटिकली बिल्ड नॉइज प्रोफाइल’वर टिक करा आणि तेवढाच तुकडा वाजवा. नंतर टिक काढायला विसरू नका. ती राहिली तर रीआफिर तुमच्या बोलण्यालाही घरघरच समजतं आणि आवाज डब्यातून आल्यासारखा पोकळ होतो. पुष्कळ जण इथेच फसतात आणि माइकला दोष देतात.

पैसे भरताना कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का, ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये बघा. नव्या कार्डांवर ते मुळात बंदच असतात. मिळालेली ‘की’ (key) फाइल, म्हणजे परवान्याची फाइल, पेनड्राइव्हवरही ठेवा. विंडोज नव्याने टाकलं की तीच लागते.