क्रीप, ग्रोअर, फिनिशर : दहा महिने वापरल्यावर

डुकरांच्या दोन माद्या, एक नर आणि दोघींच्या एकेका वेताची मिळून १७ पिल्लं, एवढ्याच जोरावर डुकरांच्या खाद्याबद्दल हे लिहितोय. शंभर माद्या सांभाळणाऱ्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. दक्षिण सोलापुरात आमचं शेत. म्हशी विकल्यावर गोठा मोकळा पडला होता, त्यात गेल्या दिवाळीच्या तोंडावर दोन गाभण यॉर्कशायर माद्या आणल्या. आई आठ दिवस गोठ्याकडे फिरकली नाही. नंतर पिल्लं बघायला आली आणि आता रोज संध्याकाळी तीच मोजते.

आणण्याआधी खाद्याचं चार जणांना विचारलं. दाजी म्हणाले, सगळं कंपनीचंच घाल, डोक्याला ताप नको. चुलते म्हणाले, डुकराला कसली आलीय कंपनी, हायवेवरच्या ढाब्यांचं शिळं आण, फुकटात वाढतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. क्रीप, म्हणजे दूध पिणाऱ्या पिल्लांचं पहिलं खाद्य, गोणीतलंच घ्या, कितीही महाग वाटलं तरी. ग्रोअर आणि फिनिशर, म्हणजे त्यापुढच्या वाढीच्या काळातली खाद्यं, घरी भरडा. आणि ९० किलोच्या पुढे एक दिवसही ठेवू नका, तिथे मी स्वतः मार खाल्लाय. कोणत्या कंपनीची गोणी ते लिहीत नाही, कारण मधे एकदा दुकानदाराने दुसऱ्याच कंपनीची दिली आणि मला काडीचा फरक कळला नाही. गोणीवर शिवलेल्या चिठ्ठीवरचा प्रोटीनचा आकडा आणि तारीख, एवढंच बघतो.

ढाब्याचं शिळं पहिले तीन आठवडे आणलं, लपवत नाही. पिंपात हात घातला की रस्सा, लिंबाच्या फोडी, पार्सलचे रबर, दात कोरायच्या काड्या, कोंबडीची हाडं. आपल्याकडचा रस्सा म्हणजे तिखट आणि मीठ दोन्ही दाबून. डुकराला मीठ बाधतं, आणि पाणी कमी पडलं तर चक्कर येऊन पडेपर्यंत बाधतं. त्यात २०२० पासून आफ्रिकन स्वाइन फीव्हर देशात शिरलाय, त्यावर औषध नाही. उष्ट्यातून डुकराच्या मांसाचा कच्चा तुकडा आला की सगळा गोठा रिकामा होऊ शकतो. घालायचंच असेल तर चांगलं अर्धा तास उकळून घाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. रोज पिंपभर रस्सा उकळायला लागणारं सरपण बघितलं आणि चुलत्यांना म्हटलं, फुकट नाहीये हे.

माद्या नोव्हेंबरच्या शेवटी दोन दिवसांच्या अंतराने व्याल्या. गाभणपणी मी त्यांना पोटभर घालत होतो, आपल्या म्हशीच्या सवयीने. ते चुकलं. गाभण मादीला दिवसाला दोन-सव्वादोन किलो पुरतं, शेवटच्या महिन्यात तीनपर्यंत. माझी एक मादी इतकी जाड झाली की बसताना धपकन पडायची, आणि पहिल्या दोन रात्रींत तिच्या अंगाखाली दोन पिल्लं गेली. व्यायच्या आधी तीन-चार दिवस गव्हाचा कोंडा भिजवून दिला, पोट साफ राहिलं, ते मात्र जमलं. व्याल्यावर हिशोब उलटा. दोन किलो तिचे स्वतःचे आणि पिल्लामागे अंदाजे ४०० ग्रॅम. आठ पिल्लं पाजणारीला पाच किलोच्या वर. एका वेळी ती एवढं खात नाही, तीनदा विभागून द्यावं लागतं. जाड झालेली तर खाण्यावरच रुसली होती. बारीक मादीचं दूध तिच्यापेक्षा सरस निघालं.

आता क्रीप. पिल्लू जन्मतः सव्वा किलोचं. पहिल्या दिवशी चीक, तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन, कारण आईच्या दुधात लोह फारच कमी आणि आमच्या गोठ्यात कोबा, माती चाटायला मिळत नाही. दहाव्या दिवशी कोपऱ्यात फळी आडवी लावली, खालून पिल्लू जाईल आणि मादीचं तोंड अडेल एवढी फट ठेवली, वर बल्ब. आईची जुनी परात मागून घेतली आणि तीत क्रीपच्या गोळ्या मूठभर टाकल्या. साबुदाण्याहून थोड्या मोठ्या, दुधाच्या पावडरीसारखा गोड वास. पहिले दोन दिवस पिल्लांनी त्या नुसत्या नाकाने ढकलल्या, एक तर परातीतच झोपलं. बाराव्या दिवशी कुरुमकुरुम ऐकू आलं. मूठभरच टाकायचं, संध्याकाळी उरलेलं काढून मादीला घालायचं, सकाळी ताजं. शिळ्या गोळ्यांना ती तोंड लावत नाहीत. १५ पिल्लांना आईपासून तोडेपर्यंत २५ किलोच्या दोन गोण्या लागल्या. भरड्याच्या जवळपास दुप्पट भाव, पण ४५ व्या दिवशी पिल्लं सरासरी दहा किलोची होती. दाजींनी बिनक्रीपची ठेवली होती, ती त्याच वयात सातची.

क्रीप घरी का नाही? लहान पिल्लाला कच्चं सोयाबीन चालत नाही, पचन अडवणारा घटक त्यात असतो, तो भाजल्यावरच मोडतो. दुधाची पावडर, मासळीची कुटी, लायसिन (प्रोटीनचा एक घटक) हे सगळं थोडं थोडं जमवायचं, ते सारखं मिसळायचं आणि गोळीही बांधायची, हे दोन गोण्यांसाठी परवडत नाही.

पण क्रीपने कमावलेलं वजन मी एका आठवड्यात घालवलं. ४५ वा दिवस आला तो नेमका सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत. पाहुणे घरी, नंदीध्वजांची गडबड, मी घाईत पिल्लं तोडली आणि त्याच दिवशी क्रीप बंद करून ग्रोअर चालू केलं. तिसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यात वासावरूनच कळलं. पिवळी पातळ हगवण, शेपटीखाली लाल, नऊ पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसलेली. डॉक्टर आले, मीठ-साखरेचं पाणी, औषध, खाद्य निम्मं. एक पिल्लू गेलं. बाकीच्यांचं वजन दहा दिवस हललं नाही. तोडल्यावर निदान दोन आठवडे क्रीपच चालू ठेवायचं आणि मग आठवडाभरात चौथाई, निम्मं, पाऊण असं बदलायचं, हे गोणीच्या मागे छापलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

ग्रोअर म्हणजे साधारण १५ ते ५० किलो वजनाचा काळ. इथे मांस भरतं, म्हणून प्रोटीन १८ टक्क्यांच्या आसपास हवं. माझा १०० किलोचा हिशोब असा आहे : मका ६२, सोया पेंड २३, गव्हाचा कोंडा १२, खनिज मिश्रण अडीच, मीठ अर्धा किलो. मक्यात प्रोटीन नऊ, सोया पेंडीत ४५, कोंड्यात १५ धरलं की बेरीज पावणेअठरा येते. वहीत मांडून बघा, शाळेतलंच गणित आहे. फिनिशरला, म्हणजे ५० किलोनंतर, तेवढं प्रोटीन लागत नाही. तिथे मका ४०, ज्वारी २०, कोंडा २२, सोया पेंड १५, खनिज आणि मीठ तेवढंच. साडेपंधरा टक्के होतं आणि मला किलोला २८ रुपये पडलं.

ज्वारी म्हटल्यावर आमच्याकडे लोक रागावतात. मंगळवेढ्याची मालदांडी डुकराला घालत नाही हो मी, ती आम्हालाच परवडेना. चाळणीखालचा बारीक दाणा घेतो. सुरुवातीला तो न दळता घातला आणि चार दिवसांनी शेणात अख्खे दाणे तसेच दिसले, धुऊन पेरले असते तर उगवले असते. ज्वारीचा दाणा कठीण, डुक्कर नीट चावत नाही. तेव्हापासून गिरणीवाल्याला तीन मिलिमीटरची जाळी लावायला सांगतो. त्याहून बारीक पीठ नको, धुरळा उडतो, खोकतात, आणि पोटात अल्सर होतो म्हणतात डॉक्टर. भरड्यावर थोडं पाणी शिंपडून देतो.

वडिलांचा आग्रह होता की म्हशींची उरलेली सरकी पेंड संपवून टाक. नाही घातली. सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असतं, ते म्हशीच्या चार कप्प्यांत निभतं, डुकराच्या एका पोटात नाही. शेंगदाणा पेंड मात्र इथे सहज मिळते, शेंगाच्या चटणीचं गाव आहे. सोयाच्या जागी थोडी वापरून बघितली. खातात आवडीने, पण तिच्यात लायसिन कमी, म्हणून वाढ मंदावते, आणि जुनी पेंड असेल तर बुरशीची भीती. पाच किलोच्या वर शंभरात घेत नाही.

बुरशीवरून आठवलं. फेब्रुवारीत एका व्यापाऱ्याकडून क्विंटलमागे दोनशे रुपयांनी स्वस्त मका उचलला. परतीच्या पावसात भिजलेला खरीप मका होता. दाण्याच्या टोकाला गुलाबी झाक दिसली, मी म्हटलं जातीचा रंग असेल. पंधरा दिवसांत तीन महिन्यांच्या मादी पिल्लांच्या योनी सुजून लाल झाल्या, जणू माजावर आल्यात. डॉक्टरांनी पिल्लांकडे बघायच्या आधी मक्याचं पोतं उघडायला लावलं. बुरशीचं विष म्हणाले, मादीच्या संप्रेरकासारखं वागतं. मका बदलल्यावर सूज उतरली. व्यापारी म्हणाला, कोंबडीवाले नेतात की हाच. आता मूठभर दाणे दाताखाली फोडून बघतो. कट् आवाज आला तर घेतो, मऊ लागला तर परत. ओल १२ टक्क्यांच्या आसपास असली की साठवणीला बरं.

एप्रिल-मे वेगळाच. पारा ४३ वर आणि डुकराला घाम येत नाही. फिनिशरच्या डुकराने अडीच किलो खायला हवं, माझी दीडवर आली. मी भरड्यात गूळ घातला, कोंडा कमी केला, काही नाही. दोष पाण्यात होता. पत्र्यावर ठेवलेल्या टाकीतून उघड्या काळ्या पाइपने निप्पलपर्यंत, म्हणजे डुकरं तोंडाने दाबून पितात त्या तोटीपर्यंत, येणारं पाणी दुपारी हाताला चटका देत होतं. डुकरं निप्पल दाबायची, तोंड झटकायची आणि निघून जायची. टाकी खाली सावलीत घेतली, तिला ओलं पोतं गुंडाळलं, पाइप हातभर खोल गाडला. खाद्य पहाटे साडेपाचला आणि रात्री आठला. दुपारी अंगावर फवारा. आठवड्यात सव्वादोन किलोवर आली. आमच्या बोअरच्या क्षारांनी निप्पल दर पंधरा दिवसांनी तुंबतात, तेही काढून बघत जा. खाद्य कमी झालं की आधी पाणी बघायचं, एवढं मला सगळ्या गोण्यांच्या चिठ्ठ्यांनी मिळून सांगितलं नाही.

वजनकाटा नाही म्हणून अडू नका. शिंप्याची टेप पुरते. छातीचा घेर मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले कानामागून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, गुणिले ६९.३. घेर एक मीटर आणि लांबी १.१० असेल तर ७६ किलो. काट्यावर ताडून बघितलं, दोन-तीन किलोचा फरक. खाताना मापावं, एरवी उभी राहत नाहीत.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आठ विकली गेली, ८५ ते ९२ किलोंची. सहा मी ठेवली. व्यापाऱ्याने पुढच्या रविवारी नेतो म्हटलं, आणि मलाही वाटलं, अजून भरतील, जास्त मिळतील. रविवार पाच झाले. पस्तीस दिवसांत एकेकाने १०५ किलोच्या वर खाल्लं आणि वाढलं १९ किलो. म्हणजे किलोभर वजनाला साडेपाच किलो खाद्य, ग्रोअरच्या काळात हेच तीनच्या आत होतं. त्या प्रत्येक किलोला १५० रुपयांच्या वर खाद्यच लागलं, विकताना तेवढाही दर नव्हता. वर व्यापाऱ्याने चरबी जास्त म्हणून दर पाडला.

बारीक मादी पुन्हा गाभण आहे, ११४ दिवस मोजून तारीख गोठ्याच्या दारावर खडूने लिहिली आहे. रोज दोन किलो, वर दाणा नाही. क्रीपच्या दोन गोण्यांचे पैसे दुकानदाराला देऊन ठेवलेत. जाड मादीला या वेळी नर लावला नाही, ती आधी उतरू दे.