फंक्शनवर काय लिहायचं: साधी कमेंट, जेएसडॉक की थेट टाइपस्क्रिप्ट?

साधी कमेंट पटकन लिहून होते, पण ती दिसते फक्त फाइल उघडणाऱ्याला. आतल्या एखाद्या विचित्र ओळीचं कारण सांगायला ती उत्तम. फंक्शन कसं वापरायचं हे सांगायला मात्र तोकडी.

जेएसडॉक म्हणजे ठरावीक टॅग वापरून फंक्शनची माहिती देणारी कमेंट. ती फंक्शनच्या लगेच वर येते आणि /** ने सुरू होते. दोन तारे हवेतच. एकच टाकलात तर ती साधी कमेंट ठरते आणि खालचे पॅरम (फंक्शनला काय द्यायचं), रिटर्न्स (काय परत मिळतं) हे टॅग वाया जातात. नीट लिहिली, तर दुसऱ्या फाइलमध्ये ते फंक्शन वापरताना नावावर कर्सर नेला की सगळी माहिती तिथेच दिसते. फाइलच्या माथ्यावर टीएस-चेकची एक ओळ टाका, म्हणजे व्हीएस कोड हा एडिटर याच कमेंटमधले टाइप (नंबर, मजकूर असे माहितीचे प्रकार) वाचून चुकांखाली लाल रेघ ओढतो. त्यासाठी कोड रूपांतरित करणारं वेगळं बिल्ड लागत नाही. स्वेल्ट या वेब फ्रेमवर्कच्या टीमने २०२३ मध्ये आपला सोर्स टाइपस्क्रिप्टवरून (म्हणजे टाइपांची जोड दिलेल्या जावास्क्रिप्टवरून) जेएसडॉकवर आणला, तो याच सोयीसाठी.

टाइपस्क्रिप्टमध्ये टाइप फंक्शनच्या सिग्नेचरमध्येच, म्हणजे नाव आणि पॅरम असलेल्या ओळीतच येतात. जेनेरिक्स (वेगवेगळ्या टाइपांना चालणारा एकच साचा) किंवा एकात एक ऑब्जेक्ट असतील तर ते कितीतरी वाचनीय. जेएसडॉकमध्ये तेच लिहिताना टाइपडेफची, म्हणजे टाइपला नाव देणाऱ्या टॅगची, रांग लागते. म्हणून नवा, मोठा प्रोजेक्ट असेल तर मी टाइपस्क्रिप्टच घेईन. जुना चालता जावास्क्रिप्ट कोड असेल तर जेएसडॉक. रोज एकेक फाइल करत पुढे जाता येतं.

पण टाइप आले म्हणजे कमेंट नको, असं समजू नका. आमच्याकडे विनंती पुन्हा पाठवणारं एक फंक्शन होतं. त्याला थांबण्याचा वेळ द्यायचा, टाइप नंबर. मी ५ दिला, सेकंद समजून. आत तो जसाच्या तसा मिलिसेकंद मोजणाऱ्या सेटटाइमआउटला जात होता, म्हणजे ५ मिलिसेकंद! सर्व्हरवर विनंत्यांचा मारा झाला आणि टाइपस्क्रिप्टने चकार शब्द काढला नाही, कारण ५ हा नंबरच आहे. पॅरमपुढे ‘मिलिसेकंदांत’ एवढा एक शब्द असता तर कर्सर नेताच कळलं असतं.

तेव्हा एकक, रिकामी यादी आली तर काय परत मिळतं, एरर कधी फेकली जाते, हे तिन्ही पर्यायांत शब्दांनीच लिहावं लागतं. टाइपस्क्रिप्टच्या फाइलीत कमेंटमधल्या टाइपांकडे कंपायलर बघतही नाही, तिथे ते लिहू नका. आणि नावच पुन्हा सांगणारी, ‘युजर: युजर’ छापाची कमेंट कुठेच नको; रिव्ह्यूत दिसली की मी ती काढायलाच सांगतो.