टेली मानस १४४१६: रात्रपाळीत लावलेला फोन

गोव्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत मी क्वालिटी कंट्रोलला आहे, अकरा वर्षं झाली. मूळचा दोडामार्गचा, राहतो डिचोलीत, जाणं-येणं कंपनीच्या बसने. गेल्या पावसाळ्यात ऑडिटच्या तोंडावर माझ्या एका बॅचचा ओओएस आला, म्हणजे निकाल मर्यादेबाहेर गेला. चौकशी लागली. साहेबांनी सगळ्या लॅबसमोर विचारलं, "अकरा वर्षांत काय शिकलास?"

त्यानंतर माझी झोपच उडाली. एकच नमुना बॅलन्सवर, म्हणजे लॅबच्या वजनकाट्यावर, तीन-तीनदा ठेवायचो, तरी आकड्यावर विश्वास बसायचा नाही. व्हायलला लेबल लावताना बोटं थरथरायची. बस वेर्ण्याला पोचत आली की पोटात गोळा यायचा. सुट्टीच्या दिवशी मुलगी चित्र दाखवायला यायची आणि मी तिच्यावर खेकसायचो. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

आमच्याकडे वर्षातून एकदा तणावावर व्याख्यान ठेवतात. बोलणारे चांगलं बोलतात, पण एचआर शेजारी बसलेले असताना 'मला त्रास होतोय' असं कोण म्हणणार?

एका रात्री पावणेतीनच्या ब्रेकला कँटीनमागच्या पत्र्याखाली उभं राहून मी १४४१६ लावला. मनाच्या त्रासावर फोनवरून मदत करणारी केंद्र सरकारची ही टेली मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, भाषा निवडता येते. घरी मी मालवणी बोलतो, कंपनीत कोंकणी आणि हिंदी, पण शाळा मराठीत झाली. मी मराठी निवडली.

पलीकडच्या मॅडमनी आधी विचारलं, "दादा, आत्ता तुम्ही कुठे आहात? निवांत बोलता येईल ना?" थोडं बोलणं झाल्यावर थेट विचारलं, "जीव नकोसा वाटतो का कधी?" इतका सरळ प्रश्न मला बायकोनेही विचारला नव्हता. तिला भीती वाटत असणार. मी 'नाही' म्हणालो आणि मला रडू फुटलं. वर पत्र्यावर पाऊस वाजत होता. मॅडम थांबल्या. 'सकारात्मक विचार करा' असलं काही म्हणाल्या नाहीत. झोप किती, जेवण कधी, रात्रपाळीत चहा किती, एवढंच विचारत गेल्या. मी सहा कप म्हणालो तेव्हा ते मला स्वतःलाच पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

मग एकच काम दिलं. पाळी संपवून घरी आलो की झोपण्याआधी कागदावर दोन रकाने करायचे: आपल्या हातातलं आणि हाताबाहेरचं. पहिल्या सकाळी मी डावीकडे 'बॅलन्सचं रोजचं चेकिंग' लिहिलं, उजवीकडे 'ऑडिटची तारीख' आणि 'साहेबांची जीभ'. त्या दिवशी चार तास सलग झोपलो.

दुसऱ्या फोननंतर मी बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजजवळच्या आयपीएचबी या सरकारी मानसोपचार रुग्णालयाच्या ओपीडीत गेलो. कंपनीतलं कोणी बघेल या धास्तीने आधी दोनदा अर्ध्या वाटेतून परतलो होतो. ज्यांना हीच धास्ती आहे त्यांच्यासाठी सांगतो: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं, हेही त्यात आहे. आपल्या ग्रुप पॉलिसीचा कागद मागून वाचा.

फोनने माझं रोस्टर बदललं नाही. सलग सात रात्री लावणारा तक्ता भिंतीवर तसाच होता. तो बदलणं कंपनीचंच काम, आणि त्यासाठी मला डॉक्टरांच्या चिठ्ठीसह लेखी अर्ज द्यावा लागला. तीन आठवडे पहिली पाळी मिळाली. पण तो अर्ज लिहिण्याइतकं बळ मला त्या पत्र्याखालच्या बोलण्याने आलं, म्हणून या सेवेला माझ्याकडून पूर्ण गुण.

लावणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. रेंज पक्की असेल तिथे उभे राहा आणि हाताशी वेळ ठेवा. दहा मिनिटांच्या चहाच्या सुट्टीत हे बोलणं मावत नाही. आणि नंबर देशभर एकच आहे, गणपतीला दोडामार्गला गेलो तेव्हा मी तिथूनही लावला होता.